दुसऱ्या मजल्यावरची चिंगी: घरी एकटी राहताना भुंकणाऱ्या कुत्रीचा प्रकरण अभ्यास

अजनीपासून जवळच, नागपूरच्या दक्षिण भागातल्या एका चार मजली फ्लॅट स्कीममधलं हे प्रकरण. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरात नवरा-बायको आणि नववीतली मुलगी. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करतो, बायको शाळेत शिक्षिका आहे. चिंगी सुमारे चार वर्षांची, तांबूस रंगाची गावठी कुत्री. पिल्लू असताना बेसा रोडवरच्या एका बांधकामावरून मुलीने तिला उचलून आणलं.

जुलैच्या सुरुवातीला स्कीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्याबद्दल पहिली तक्रार आली. आठवड्याभरातच सेक्रेटरी घरी येऊन सांगून गेले, कुत्रीचा बंदोबस्त करा नाहीतर तिला काढा. मला फोन आला तेव्हा वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, "ताई, आम्ही घरी असलो का ती तोंडातून आवाज काढत नाही. अन् आम्ही गेलो का सारी स्कीम डोक्यावर घेते म्हणतात. बरं, रोज नाही भुंकत. एखादा आठवडा कोणाची तक्रारच नसते."

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. कुत्रं कधी भुंकतं याइतकंच ते कधी भुंकत नाही हे विचारावं, त्यातून पुष्कळ कळतं. ग्रुपवरच्या तक्रारींच्या तारखा आणि भाऊंच्या पाळ्यांचं वेळापत्रक आम्ही शेजारी शेजारी ठेवलं. रात्रपाळीच्या आठवड्यात भाऊ दिवसा घरी झोपलेले असायचे, तेव्हा एकही तक्रार नव्हती. दुसऱ्या पाळीत ते दुपारी एकला निघायचे आणि मुलगी दोनला शाळेतून यायची, तेव्हा तुरळक. पहिल्या पाळीत मात्र सकाळी 10:20 ला वहिनी निघाल्या की दोन वाजेपर्यंत घरात कोणी नसे. बहुतेक सगळ्या तक्रारी त्याच आठवड्यांतल्या.

मग जुलैच्या आधी असं का होत नव्हतं? आजी होत्या म्हणून. चिंगी या घरात आली तेव्हापासून आजी दिवसभर घरी. जूनमध्ये त्या अमरावतीला धाकट्या मुलाकडे गेल्या, तिथे सुनेचं बाळंतपण होतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे तोवर मायलेकी सुट्टीत घरीच होत्या. शाळा सुरू झाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच या कुत्रीवर एकटं राहायची वेळ आली, तीही एकदम पावणेचार तासांची. आजी हळूहळू दूर गेल्या असत्या, रोज थोडा थोडा वेळ घर रिकामं राहिलं असतं, तर कदाचित माझी गरजच पडली नसती.

मी जाईपर्यंत काय काय करून झालं होतं

सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. कोणी सांगितलं म्हणून परत आल्यावर चिंगीला दाराशी नेऊन रागवून झालं. कुत्र्याला तीन तासांपूर्वीच्या भुंकण्याशी आत्ताच्या रागावण्याचा संबंध जोडता येत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसं परत येतात तेव्हा चिडलेली असतात. मग ते कान पाडून, अंग चोरून उभं राहतं आणि आपण म्हणतो, बघा, चूक कळली. ती चूक कळल्याची खूण नाही. समोरच्याचा पारा चढलेला पाहून केलेली ती विनवणी आहे.

एक दिवस तिला गॅलरीत बांधून ठेवलं. आवाज आणखी लांबपर्यंत गेला. शेवटी एका नातेवाइकाने भुंकलं की झटका देणारा पट्टा ऑनलाइन मागवून दिला. दोन दिवस ग्रुपवर शांतता होती. तिसऱ्या दिवशी वहिनी घरी आल्या तेव्हा दारातल्या पायपुसण्यावर लघवी होती आणि चिंगीने पुढचा उजवा पाय चाटून चाटून सोलून काढला होता. पट्टा त्यांनी तिथेच काढला, हे मला त्यांचं फार शहाणपण वाटतं. भीतीने ओरडणाऱ्या जिवाला ओरडल्याबद्दल वेदना दिली तर भीती दुप्पट होते, फक्त ती बाहेर पडायची वाट बदलते. असे पट्टे एकटेपणाच्या धास्तीत मुळीच वापरू नयेत, याबद्दल माझं मत ठाम आहे.

मोबाइलने काय दाखवलं

घरातला जुना मोबाइल टीव्हीच्या कपाटावर पुस्तकांच्या आधाराने उभा केला आणि पहिल्या पाळीच्या एका सकाळी रेकॉर्डिंग लावून वहिनी नेहमीसारख्या शाळेत गेल्या. असं रेकॉर्डिंग एकदाच करावं, कारण कुत्र्याला त्या त्रासातून जावं लागतं. पण त्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये. माणूस घरी नसताना काय होतं, हे माणूस घरी असताना कळत नाही.

10:20 ला दार ओढल्याचा आवाज. चिंगी दाराला नाक लावून उभी, शेपटी खाली. जिन्यातली पावलं विरली तरी ती हलली नाही. खाली अ‍ॅक्टिव्हा सुरू झाली आणि त्या क्षणी तिने बारीक कुईं केलं. मिनिटभरात ती दार ते गॅलरी, गॅलरी ते दार अशा येरझारा घालू लागली. मग भुंकणं. आवाज चिरका, एका लयीत, श्वास घ्यायला थांबावं तेवढंच थांबणारा, आणि मधूनच मान वर करून लांब सूर. जीभ बाहेर, धाप, दाराखालच्या फरशीवर लाळेचं थारोळं. चौकटीच्या लाकडावर नखांचे पांढरे ओरखडे उठत होते. समोरच स्टीलच्या ताटलीत उकडलेलं अंडं ठेवलं होतं, एरवी ज्याच्यासाठी ती स्वयंपाकघरात लोळण घेते. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हे सतत तेवीस मिनिटं चाललं.

नंतर ती दाराशी पडली, पण झोपली नाही. साडेअकराच्या सुमारास खालचं चॅनल गेट खडखडलं आणि ती एका उडीत खिडकीखालच्या दिवाणावर चढली. या वेळचं भुंकणं वेगळं होतं. जाड आवाज, पाच-सहा वेळा, नजर बाहेर, अंग पुढे झुकलेलं. आवाज थांबला तशी ती थांबली. भंगारवाल्याची आरोळी, जिन्यातली पोरं, पार्सल घेऊन आलेला मुलगा, प्रत्येक वेळी हेच. दोनला मुलगी आली, तिच्याभोवती चिंगीने वेड्यासारख्या घिरट्या घातल्या आणि मग ते अंडं एका घासात संपवलं.

स्कीममधल्या लोकांना हे सगळं एकच भुंकणं वाटत होतं. ती दोन होती आणि दोघांवरचे उपाय वेगळे. दुसरं भुंकणं राखणदाराचं. घरचे असतानाही चिंगी जिन्यातल्या आवाजावर एक-दोनदा भुंकते आणि "बस झालं" म्हटलं की थांबते. पहिलं मात्र निखळ धास्ती होती, जिला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात. लाळ, येरझारा, दाराच्या चौकटीवर ओरखडे, आवडीच्या खाण्याकडे पाठ, आणि हे सगळं माणूस गेल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच, या खुणा एकत्र दिसल्या की संशयाला फारशी जागा उरत नाही. कंटाळ्याने भुंकणारं कुत्रं आधी अंडं खातं, थोडी डुलकी काढतं आणि मग कंटाळतं.

हा फरक इतका ताणून सांगते, कारण नेटवर मिळणारे निम्मे उपाय कंटाळ्यावरचे असतात. खूप फिरवा, खेळणी द्या, खाऊ भरलेला रबरी कोन द्या. चांगलेच आहेत. पण घाबरलेल्या कुत्र्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही, तिथे कोन काय करणार?

दवाखाना आणि गोळी

कुठलंही शिकवणं सुरू करण्याआधी पशुवैद्याची तपासणी हवी. चिंगीच्या उजव्या कानात पावसाळी बुरशी निघाली, तिच्यावर औषध झालं. गोचीड तापासाठी रक्त तपासलं, ते ठीक आलं. नागपूरकरांची सोय अशी की नेहमीचे डॉक्टर नसतील तर सेमिनरी हिल्सला 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही याच शहरात आहे.

धास्तीची तीव्रता पाहून चिंगीच्या डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटिन सुरू केलं. भाऊ बिथरले. "झोपेची गोळी देऊन गप्प बसवणार का तिला?" असं त्यांनी तोंडावर विचारलं, आणि विचारलं ते बरं झालं. ही झोपेची गोळी नाही. मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करून ती भीतीची पातळी हळूहळू खाली आणते आणि पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. एकटेपणाच्या धास्तीसाठी कुत्र्यांना द्यायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला 2007 मध्ये मंजुरी दिली आणि क्लोमिप्रामिन हे दुसरं औषध त्याहीआधीपासून वापरात आहे. गोळी शिकवत नाही, कुत्र्याला शिकण्याच्या अवस्थेत आणते. चिंगीची भूक पहिल्या आठवड्यात मंदावली, ती जरा सुस्त वाटली, मग रुळली.

इथे एक गोष्ट डॉक्टरांनी आवर्जून विचारली, जी प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. पावसाळ्यात गोचिड्या वाढतात म्हणून चिंगीला अमिट्राझचं द्रावण लावलं जात होतं. आपल्याकडे ते सर्रास वापरतात. फ्लुऑक्सेटिन आणि अमिट्राझ एकत्र चालत नाहीत, जिवावर बेतू शकतं. द्रावण बंद करून, डॉक्टरांनी ठरवलेलं अंतर ठेवून, दुसरं गोचीडनाशक दिलं आणि मगच गोळी सुरू झाली. म्हणून घरातल्या कोणाची गोळी अंदाजाने अर्धी करून कुत्र्याला देणं हा प्रकार कधीही करू नका.

खालच्या मजल्यावरची झोप

तक्रार करणाऱ्यांमध्ये सर्वात संतापलेले होते चिंगीच्या बरोबर खालचे शेजारी. मी म्हटलं, त्यांना भेटल्याशिवाय काही ठरवायचं नाही. ते रेल्वेत लोको पायलट आहेत. रात्री मालगाडी घेऊन जातात, सकाळी घरी येतात, आंघोळ-जेवण करून साडेदहाला अंग टाकतात. नेमकं तेव्हाच वर सुरू व्हायचं.

"भाऊ, कुत्रं ठेवू नका असं कोण म्हणून राहिलं?" ते भाऊंना म्हणाले. "पण मले रातच्याले गाडी चालवायची राहते. दिवसा चार घंटे तरी डोळा लागला पाहिजे ना."

याला काय उत्तर द्यायचं? सेक्रेटरींच्या 'काढा'ला उत्तर होतं. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुठल्याही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि भुंकणं हे त्यासाठी कारण होत नाही. ते आम्ही त्यांना नीट, आवाज न चढवता दाखवलं. पण कायदा दाखवून खालच्या माणसाला झोप येत नाही. स्वतः महिन्यातून आठवडाभर दिवसा झोपणाऱ्या भाऊंना ते मी समजावून सांगावं लागलं नाही.

त्यांच्यासमोर मी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. पहिली पाच मिनिटं. त्यांच्या बायको मध्येच म्हणाल्या, "माय वं, हे तर रडून राहिलं." त्यानंतर चर्चेचा सूर बदलला. चिंगीला एकटं न ठेवता शिकवायचं आहे, निदान तीन-चार महिने लागतील आणि या पद्धतीत सराव चालू असताना कुत्रं भुंकतच नाही, भुंकलं तर आमचं काही चुकलं असं समजायचं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांच्या बायकोने ड्युटी लागली की वहिनींना मेसेज टाकायचं कबूल केलं, म्हणजे ते झोपलेले असताना दाराचे प्रयोग होणार नाहीत.

एकटं ठेवायचं नाही, म्हणजे काय करायचं

हीच या सगळ्यातली सर्वात अवघड अट. लोक इथेच माघार घेतात, आणि मला त्यांचं दुःख कळतं. नोकरी आहे, शाळा आहे, कुत्र्यासाठी कोण घरी बसणार? पण सकाळी दहा सेकंदांचा सराव करायचा आणि त्याच दिवशी चार तास एकटं सोडून जायचं, तर सकाळचं सगळं पाण्यात. पाण्याला घाबरणाऱ्या पोराला सकाळी पायरीवर बसवून संध्याकाळी विहिरीत ढकलावं, तसं ते होतं.

या घराच्या बाबतीत पाळ्यांचा हिशेब कामी आला. अडचण तीन आठवड्यांतून एकाच आठवड्याची होती, अधिक दुसऱ्या पाळीतला दुपारचा एक तास. तळमजल्यावर एक निवृत्त काकू एकट्या राहतात, चिंगीला त्या आधीपासून पोळीचा तुकडा द्यायच्या. पहिल्या पाळीच्या आठवड्यात चार दिवस चिंगी त्यांच्याकडे राहू लागली. उरलेल्या दोन दिवसांसाठी पैसे देऊन कुत्री सांभाळणाऱ्या एका बाईंचं घर ठरवलं. दुपारचा तासही काकूंनीच उचलला. त्या मला म्हणाल्या, "मलेही सोबत होते बाई, टीव्ही पाहून पाहून किती पाहाल?" या प्रकरणातलं निम्मं श्रेय मी काकूंना देते.

कुत्र्याला माणूस पुरतो, तो घरचाच असावा लागतो असं नाही. हे बहुतेक कुत्र्यांबाबत खरं आहे आणि मोठा दिलासा आहे. दुसरं कुत्रं आणलं तर? हा प्रश्न वहिनींनीही विचारला. धास्ती माणूस नसण्याची असेल तर दुसऱ्या कुत्र्याने ती सहसा जात नाही. कधी कधी दोन भुंकणारी कुत्री होतात.

दाराचा सराव

सराव आठवड्यातून पाच दिवस, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. एक फोन घरात व्हिडिओ कॉलवर, दुसरा बाहेर जाणाऱ्याच्या हातात. तत्त्व साधं आहे. चिंगी घाबरायच्या आत परत यायचं, म्हणजे 'दार बंद झालं तरी काही वाईट घडत नाही' हा अनुभव तिच्याकडे शेकड्यांनी साठतो.

सुरुवात दार उघडण्यापासूनसुद्धा झाली नाही. वहिनींनी पर्स खांद्याला अडकवली की चिंगी उठून बसायची. म्हणून पर्स अडकवून भाजी निवडायला बसायचं, किल्ल्या उचलून टीव्ही लावायचा, चपला घालून परत काढायच्या. अ‍ॅक्टिव्हाचं वेगळंच प्रकरण. रेकॉर्डिंगमध्ये पहिलं कुईं तिच्याच आवाजावर होतं. वहिनी वर सोफ्यावर बसलेल्या असताना मुलगी खाली जाऊन गाडीचं बटण दाबायची, अर्ध्या मिनिटाने बंद करायची. आधी चिंगी दाराकडे धावायची. काही दिवसांनी नुसते कान हलायचे. मग तेही थांबलं.

मग दार. कडीला हात लावून परत. दार उघडून परत. बाहेर पाऊल टाकून लगेच आत. पहिल्या दिवशी दाराबाहेर तिला सोसवलेला वेळ आठ सेकंद होता, नवव्या सेकंदाला ती उठली आणि धाप सुरू झाली. पडद्यावर काय बघायचं हे मी घरच्यांना शिकवलं. ओठांवरून झरकन फिरणारी जीभ, झोप नसताना आलेली जांभई, उचललेला पुढचा पाय, मागे ओढलेले कान. भुंकणं ही शेवटची पायरी असते, तिच्याआधी कुत्रं या पायऱ्यांनी सांगत असतं. यातलं काही दिसलं की आत यायचं आणि पुढचा फेरा सोपा करायचा. आत आल्यावर गाजावाजा नाही. शांतपणे येऊन आपलं काम करायचं.

वेळ चढत्या भाजणीने वाढवायचा नाही, हे नववीतल्या मुलीला आईबापांपेक्षा आधी पटलं. पाच, दहा, पंधरा, वीस असं गेलं तर कुत्र्याला प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा कठीण असल्याचं लक्षात येतं. म्हणून वीस सेकंद, मग पाच, मग तीस, मग आठ. त्या मुलीने एक वही केली, डावीकडे सेकंद, उजवीकडे चिंगी काय करत होती ते. "पंखा बघत होती." "चौकटीशी वास घेतला, परत आडवी." मला पाठवलेल्या या नोंदींवरूनच पुढच्या आठवड्याचे फेरे ठरत. व्यावसायिकांच्या नोंदी मी पाहिल्या आहेत, त्यांत इतकं बारीक निरीक्षण क्वचित असतं.

पहिला महिना कंटाळवाणा गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला चार मिनिटं, पोळ्याच्या सुमारास अकरा. भाऊ निराश झाले होते, या गतीने चार तासांना वर्ष लागेल म्हणायचे. पण धास्तीचा जोर पहिल्या अर्ध्या तासातच असतो, त्यामुळे तेवढा टप्पा खरोखर निश्चिंतपणे पार झाला की पुढचे पल्ले मोठे पडतात. सप्टेंबरअखेर चिंगी चाळीस मिनिटं आडवी पडून राहिली, आणि तिथून दीड तास गाठायला जेमतेम तीन आठवडे लागले. गोळीचा परिणामही तोवर पुरता बसला होता. दोन्हींमधलं कशाचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

कूलर

राखणदारीचं भुंकणं मात्र फार लवकर आटोक्यात आलं, तेही घरातल्याच वस्तूने. मे-जूनमध्ये हॉलच्या खिडकीत कूलर असतो. त्याच्या घरघरीत जिन्यातली पावलं ऐकू येत नाहीत आणि खिडकीही झाकलेली राहते. पाऊस लागल्यावर नागपुरातल्या सगळ्या घरांसारखा इथलाही कूलर काढून गॅलरीत गेला आणि चिंगीला एकाच वेळी आवाज आणि देखावा दोन्ही मिळाले. आम्ही तो परत खिडकीत बसवला. पाण्याचा पंप बंद, नुसता पंखा. दिवाण समोरच्या भिंतीला सरकवला. पार्सलवाल्यांसाठी अ‍ॅपमध्ये 'काकूंकडे द्या' असं लिहून ठेवलं.

फक्त एक पथ्य पाळायचं होतं. निघताना कूलर लावला तर चार दिवसांत कूलरचा आवाज म्हणजेच 'आता जाणार' अशी खूणगाठ बसते. म्हणून तो सकाळी उठल्यापासून चालू, घरी असलेल्या दिवशीसुद्धा.

त्याच्या जोडीला, घरचे असताना जिन्यात आवाज झाला की चिकनचा सुकवलेला बारीक तुकडा. आवाज आधी, तुकडा नंतर, ती भुंकली तरी. ही भुंकण्याला लाच होत नाही का, असं भाऊंनी विचारलं. होत नाही, कारण आपण आवाजाचा अर्थ बदलतो आहोत. दोन-तीन आठवड्यांत चॅनल गेट खडखडलं की चिंगी खिडकीऐवजी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागली.

फिरण्याबद्दल थोडंच सांगते. सकाळचा फेरा लांबवला नाही, संथ केला. तिला हवं तिथे, हवं तेवढा वेळ वास घेऊ द्यायचा. दोरीला ओढून तीन किलोमीटर नेण्यापेक्षा गल्लीच्या टोकापर्यंत अर्धा तास हुंगत जाणं तिला जास्त निवांत करायचं. पोळीचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून शोधायला द्यायचे, तेही घरात माणसं असतानाच.

दोन धक्के

सप्टेंबरमधल्या एका दुपारी सराव चालू असताना वीज कडाडली आणि लाइट गेली. कूलर थांबला, घर एकदम चिडीचूप, वर ढगांचा गडगडाट. वायफाय बंद पडल्याने फोनवरचं चित्रही गेलं. वहिनी कोपऱ्यावरच्या दुकानाशी होत्या. काकूंकडे किल्ली होती, त्या दोन मजले चढून गेल्या, तोवर चिंगी दाराशी भुंकत होती. त्या संध्याकाळी भाऊंनी कूलरचा पंखा आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतला. पुढचे फेरे पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू झाले आणि आठवड्याभरात ती होती तिथे आली.

दिवाळीचा धक्का मोठा होता. फटाक्यांनी चिंगी पलंगाखाली गेली ती बाहेरच येईना. त्या दिवसांत तिला क्षणभरही एकटं ठेवलं नाही, सराव पूर्ण बंद. डॉक्टरांनी फटाक्यांच्या रात्रींपुरतं वेगळं औषध दिलं होतं. देवदिवाळी उलटल्यावर दार उघडलं तेव्हा दीड तासावरून ती वीस मिनिटांवर आली होती. घरचे खचले. पण मुलीच्या वहीत जुलैचे आठ सेकंद लिहिलेले होते आणि या वेळी ती वही बघण्यासारखी होती. डिसेंबरच्या मध्यापर्यंत चिंगी दोन तासांवर पोचली, जानेवारीत पावणेचार.

आत्ताची स्थिती

पहिल्या पाळीच्या आठवड्यात चिंगी आता तीन दिवस पूर्ण वेळ एकटी राहते, उरलेल्या दिवशी काकूंकडे जाते. ते आम्ही बंद केलेलं नाही, कारण दोघींनाही ते हवं आहे. वहिनी गेल्यावर ती दाराकडे पाहते, एखादा सुस्कारा टाकते आणि सोफ्याच्या कडेला मुटकुळं करून झोपते. अंडं पहिल्या दहा मिनिटांत संपतं. भंगारवाल्याच्या आरोळीवर अजून भुंकते, तीन-चार वेळा. खालच्या शेजाऱ्यांना मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तेवढं तर रस्त्यावरचेही भुंकतात.

गोळी चालू आहे. ती अचानक थांबवायची नसते. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळेचा नवा क्रम रुळला की डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवायला घेतील.

आजी फेब्रुवारीत अमरावतीहून परतणार आहेत. घरच्यांना हायसं वाटलं आणि मला तिथेच सावध करावंसं वाटलं, कारण आजी चोवीस तास घरी राहिल्या तर चिंगीची सवय काही महिन्यांत मोडू शकते आणि पुढच्या वेळी त्या गावाला गेल्या की पुन्हा पहिले पाढे. म्हणून ठरलं आहे असं, की आजींनी रोज दुपारी चारला घराला कुलूप लावून तळमजल्यावर काकूंकडे चहाला जायचं. कधी वीस मिनिटं, कधी दीड तास. उन्हाळ्याच्या सुट्टीत मायलेकी घरी असतील तेव्हाही आठवड्यातून दोनदा सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं. वहीची नवी पानं मुलीने आखून ठेवली आहेत, त्यांत आजींसाठी एक वेगळा रकाना आहे.